ग्रँड कॅन्यनच्या उभ्या वाटेवर एका दिवसात किती उतरावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या अखेरीस आपण, आपल्या पत्नी, १७ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे वडील असे चौघे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री राहणार आहात. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड हे ट्रेक आपण तिघे नियमितपणे करता. त्यामुळे साउथ कायबॅब वाटेने कोलोरॅडो नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी ब्राइट एंजल वाटेने वर यावे, असा आपला बेत आहे. हे जमेल का, जमणार नसेल तर कुठून परतावे, पाणी आणि खाणे किती न्यावे आणि वडिलांसाठी काय योजावे, हे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे या दरीत लोकांना घेऊन उतरतो आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांची संख्या मोठी असते. मे अखेरीस हा बेत करू नये, असेच माझे स्पष्ट उत्तर आहे. यात आपल्या दमाविषयी शंका नाही. ही फेरी सुमारे २७ किलोमीटरची असून तिच्यात सुमारे १,४५० मीटर उतार आणि त्यानंतर सुमारे १,३५० मीटर चढ आहे. एवढी चाल एरवी आपल्या आवाक्यातली असेलही, परंतु त्या दिवसांत चढाचा मोठा भाग भर उन्हात येतो. मे ते सप्टेंबर या काळात एका दिवसात नदीला जाऊन परत येऊ नये, असे उद्यान प्रशासनही सांगते आणि सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात दरीच्या आतील भागात चढण टाळण्याची सूचना वाटेच्या तोंडाशीच लावलेली असते. २००४ च्या जुलैमध्ये बोस्टन मॅरेथॉन धावलेली एक २४ वर्षांची तरुणी याच दरीत उष्णता आणि पाण्याच्या अभावामुळे मरण पावली. त्यानंतर उद्यानाने लावलेल्या फलकावर ‘तुम्ही बोस्टन मॅरेथॉन धावू शकाल का?’ असा प्रश्न विचारलेला असे. आपल्यासारख्या तयारीच्या माणसांनी ही घटना अधिक लक्षात ठेवावी, कारण धाप लागून वाटेवर बसणारा नवखा पर्यटक बहुधा पहिल्याच किलोमीटरवरून परततो. तयारीचा माणूस मात्र बराच खाली पोचतो.

सह्याद्रीच्या सवयी इथे उलट्या पडतात. गड चढताना कष्ट आधी होतात. दम गेला, ऊन वाढले किंवा पाणी संपत आले, तर तिथूनच मागे फिरता येते आणि मागे फिरल्यावर वाट सोपी होत जाते. या दरीत पहिल्या दोन तासांत शरीर कोणतीच तक्रार करत नाही. पहाटेची थंड हवा असते, वाट रुंद आणि आखीव असते, पाय आपोआप पडत जातात आणि ‘आणखी एक वळण’ म्हणत माणूस खाली खाली जात राहतो. थकवा जाणवू लागेपर्यंत परतीचा सगळा चढ डोक्यावर उभा असतो आणि उन्हाचा जोरही वाढलेला असतो. म्हणून परतायचे कुठून आणि किती वाजता, हे उतरण्यापूर्वी ठरवावे आणि त्या जागी कितीही ताजेतवाने वाटत असले तरी परतावे. बाकी सगळ्या सूचना यापुढे दुय्यम आहेत. वेळेचा हिशेब करताना उतरायला एक भाग आणि चढायला दोन भाग धरावेत. पाण्याचेही तसेच करावे आणि एक तृतीयांश पाणी संपले की पाठ फिरवावी.

आता वाटांकडे वळू. ब्राइट एंजल नाळेतून उतरते आणि साउथ कायबॅब सोंडेवरून उतरते, असे म्हटले की सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला दोन्ही वाटांचा स्वभाव कळतो. ब्राइट एंजल ज्या नाळेतून जाते ती एका भूभ्रंशाने, म्हणजे खडक तुटून सरकल्याने, तयार झाली आहे. भ्रंशरेषेवर कडे मोडून खचले नसते, तर तिथून उतरायला जागाच नव्हती. हवासुपाय आदिवासी ही वाट पूर्वापार वापरत होते. पुढे राल्फ कॅमेरॉन या उद्योजकाने ती ताब्यात ठेवून वर-खाली जाणाऱ्यांकडून टोल घेतला. त्याच्या टोलवाटेला पर्याय हवा म्हणून राष्ट्रीय उद्यान सेवेने १९२४-२५ मध्ये सुरुंग लावून साउथ कायबॅब बांधून काढली. एक वाट पाण्याच्या आणि माणसांच्या मार्गाने घडली, तर दुसरी नकाशावर आखून केली गेली. म्हणूनच ब्राइट एंजलवर पाणी आणि थोडी सावली आहे. साउथ कायबॅबवर पाण्याचा थेंबही नाही आणि सावली जवळपास नाही, पण दोन्ही बाजूंना दरी उघडी असल्यामुळे दृश्य तिथलेच भव्य आहे.

दोन्ही वाटांचा चढ सर्वत्र सारखा नाही आणि त्याचे कारण दगडांत आहे. चुनखडक आणि वालुकाश्म यांचे उभे कडे बनतात, तर मऊ शेलचे (चिखलाच्या थरांपासून झालेल्या ठिसूळ खडकाचे) उतार बनतात. त्यामुळे वाट कड्यात आली की नागमोडी वळणांनी उभी कोसळते आणि शेलवर आली की जरा आडवी चालते. माथ्यावरचा फिकट कायबॅब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्याखाली थोड्या अंतरावर कोकोनिनो वालुकाश्माचा पांढुरका कडा लागतो. तो वाळवंटी टेकड्यांचाच दगड झालेला असल्यामुळे त्यात वाळूचे तिरके थर अजून दिसतात. पुढे तांबड्या मातीचे उतार येतात आणि मग रेडवॉल नावाचा अजस्र कडा लागतो. हा चुनखडक मुळात राखाडी आहे, वरच्या थरांतले लोह पावसाबरोबर ओघळून त्याचा दर्शनी भाग लाल झाला आहे.

रेडवॉलचा माथा लक्षात ठेवावा, कारण दिवसाच्या फेरीसाठी दोन्ही वाटांवरची शेवटची शहाणी जागा तिथेच आहे. साउथ कायबॅबवर या माथ्यावर स्केलेटन पॉइंट आहे आणि ब्राइट एंजलवर तीन मैलांवरचा विसावा, म्हणजे थांबण्याचा निवारा. दोन्ही ठिकाणी त्याच्या खाली वाट रेडवॉलच्या कड्यात शिरते आणि वळणावर वळण घेत थेट खाली जाते; ब्राइट एंजलवरच्या अशा भागाला ‘जेकब्स लॅडर’ म्हणतात. तेवढी वळणे उतरायला मजेत अर्धा तास लागतो, पण मे महिन्यात सकाळी अकरा वाजता ती चढणे हा वेगळाच अनुभव असतो, कारण तापलेला कडा दोन्ही अंगांनी उष्णता फेकत असतो.

साउथ कायबॅबच्या सुरुवातीची उंची सुमारे २,२१० मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्यापेक्षा बरीच अधिक. आपण पुण्याहून येऊन दुसऱ्याच दिवशी चालू लागलात, तर या उंचीचा परिणाम वर येताना शेवटच्या टप्प्यात नक्की जाणवेल. पहिला टप्पा ‘ऊ-आ पॉइंट’ सुमारे दीड किलोमीटरवर आहे. त्यानंतर २.४ किलोमीटरवर सीडर रिज हे तांबड्या मातीचे प्रशस्त सपाट ठिकाण लागते. तिथे शौचालय आहे, काही ज्युनिपरची झाडे आहेत आणि समोर ओ’नील ब्यूट हा एकाकी सुळका उभा आहे. इथपर्यंतचा उतार सुमारे ३४० मीटरचा असून जाऊन-येऊन दोन ते चार तास लागतात. स्केलेटन पॉइंट ४.८ किलोमीटरवर आणि सुमारे ६२० मीटर खाली आहे. तिथे चार ते सहा तास धरावेत. कोलोरॅडो नदीचे पहिले नीट दर्शनही तिथेच होते, त्यामुळे नदी पाहिल्याचे समाधान हवे असेल तर तेही मिळते.

ब्राइट एंजलवर पहिला विसावा साधारण अडीच किलोमीटरवर, दुसरा तीन मैलांवर म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या सुमारास आणि हवासुपाय गार्डन्स सुमारे सव्वासात किलोमीटरवर आहे. हवासुपाय गार्डन्स काठापासून, म्हणजे दरीच्या वरच्या कडेपासून, ९०० मीटरहून अधिक खाली आहे. तिथे ओढा आहे आणि कॉटनवुडच्या झाडांची दाट सावली आहे. रेंजरचे, म्हणजे उद्यानरक्षकाचे, ठाणे आणि तंबूंची छोटी जागाही तिथेच आहे. या जागेचे नाव पूर्वी ‘इंडियन गार्डन’ होते. तिथे शेती करून राहणाऱ्या हवासुपाय लोकांना उद्यान झाल्यावर हटवण्यात आले आणि त्यांच्यातील शेवटच्या रहिवाशाला १९२८ मध्ये जावे लागले. त्यांच्या आग्रहावरून २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सध्याचे नाव देण्यात आले. जागा सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु खाली सावली आणि पाणी आहे या भरवशावर लोक तिथपर्यंत उतरतात आणि दुपारी तिथेच अडकतात. मे अखेरीस तिथे जायचेच असेल तर दुपारचे सगळे तास झाडाखाली काढून चार वाजल्यानंतर वर निघण्याची तयारी हवी, म्हणजे हेडटॉर्चही हवी.

आपल्या तिघांसाठी मी साउथ कायबॅबवरून स्केलेटन पॉइंटपर्यंत उतरून त्याच वाटेने परत यावे असे सुचवेन. ही वाट एकदा दिसली की मुलाच्याही ती कायम लक्षात राहील. खाजगी गाड्यांना या वाटेच्या तोंडापर्यंत परवानगी नाही. उद्यानाची मोफत शटल बस घ्यावी लागते आणि पहाटे चालणाऱ्यांसाठी ब्राइट एंजल लॉजजवळून ‘हायकर्स एक्स्प्रेस’ ही थेट बस सुटते. तिच्या वेळा महिन्यानुसार बदलतात, त्या आदल्या दिवशी माहिती केंद्रात पाहून सगळ्यात पहिली फेरी पकडावी. मे अखेरीस सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास होतो. साडेपाचला चालू लागलात, तर साडेसहाच्या आत सीडर रिज आणि पावणेआठपर्यंत स्केलेटन पॉइंट येतो. तिथे वीस मिनिटे बसावे आणि आठ-सव्वाआठला चढू लागावे. म्हणजे रेंगाळत आलात तरी साडेअकराच्या आत काठावर याल. सीडर रिजला पोचायला सात वाजून गेले असतील, तर त्या दिवशीचा बेत सीडर रिजपुरताच ठेवावा. हे बदलायचे नाही, असे मुलालाही आधीच सांगून ठेवा. १७ व्या वर्षी ‘बाबा, अजून थोडेच’ हे वाक्य फार लवकर येते.

उन्हाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या माणसाचा अंदाज इथे नेमका चुकतो. मे अखेरीस काठावर दुपारी साधारण २० ते २५ अंश तापमान असते, सकाळी तर स्वेटर लागतो. तळाशी ते किमान ११ अंशांनी अधिक असते, म्हणजे सावलीतच ३५ च्या पुढे, आणि सावली नाही तिथे त्याहून बरेच जास्त. कोकणात किंवा घाटावर एप्रिलमध्ये चढताना सदरा घामाने चिंब होतो आणि त्यावरून किती पाणी गेले ते कळते. इथली हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. अंग कोरडे, सदरा कोरडा, फक्त टोपीच्या कडेला आणि पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. ‘मला घाम येत नाही, मी ठीक आहे’ असे म्हणणाऱ्या पाहुण्याकडे माझे विशेष लक्ष असते. उलट हीच कोरडी हवा उपयोगाचीही आहे, कारण टोपी, मानेवरचा रुमाल आणि सुती सदरा पाण्यात भिजवून घातला की तो वाळेपर्यंत अंग झपाट्याने थंड होते. ब्राइट एंजलवर नळ चालू असेल तेव्हा प्रत्येक विसाव्याला हे करावे. साउथ कायबॅबवर ते आपल्या पाठीवरच्या पाण्यातूनच करावे लागेल, म्हणून माणशी अर्धा लिटर पाणी त्यासाठी अधिक न्यावे.

पिण्यासाठी स्केलेटन पॉइंटच्या फेरीला माणशी साडेतीन लिटर पाणी धरावे. सीडर रिजला दोन लिटर पुरतात. ताशी अर्धा ते एक लिटर हा अंदाज उन्हात बरोबर ठरतो. परंतु नुसते पाणी पीत राहणे हाही एक धोका आहे आणि या वाटांवर तो वारंवार दिसतो. घामाबरोबर मीठ जाते. ते न भरता लिटरमागून लिटर पाणी घेतले की रक्तातील सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, उलटी आणि पुढे गोंधळलेपणा अशी त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात आणि सोबतचे लोक कळवळून आणखी पाणी पाजतात. फरक ओळखण्याची खूण अशी की या माणसाने भरपूर पाणी प्यालेले असते आणि त्याला पुन्हा पुन्हा, पाण्यासारखी लघवी होत असते. अशा वेळी पाणी थांबवून खारट खायला द्यावे आणि मदत मागावी. सोपा उपाय म्हणजे हे घडूच न देणे. दर अर्ध्या तासाला भूक असो-नसो काहीतरी खारट खावे आणि पाण्याच्या दोनांपैकी एका बाटलीत ओआरएसची पुडी घालावी.

खाण्याच्या बाबतीत आपला फराळाचा डबा परदेशी एनर्जी बारपेक्षा सरस आहे, हे मी अनेकदा पाहिले आहे. उन्हात ते गोड, चिकट बार घशाखाली उतरत नाहीत. पण खारे शेंगदाणे, पातळ पोह्यांचा चिवडा, चकली, तिखटमिठाची पुरी आणि सोबत लिंबाचे लोणचे हे भूक मेलेली असतानाही खाल्ले जाते. गुळाची शेंगदाणा चिक्की चढासाठी उत्तम आहे. पोटभर मात्र कुठेच जेवू नये. उन्हात शरीर रक्त त्वचेकडे वळवते आणि पचन मंदावते, त्यामुळे परतण्याच्या जागी डबे उघडून जेवलेला गट पुढच्या तासात बहुतेक वेळा मळमळीची तक्रार करतो. डबा उघडला की खारी टपकल्याच म्हणून समजा. त्या गोंडस दिसतात आणि चावतात. त्यांना खाऊ घालणे नियमाविरुद्धही आहे.

पायांसाठी नवे बूट नकोत आणि नखे आदल्या दिवशी कापलेली असावीत, कारण उतारावर बोटे सतत पुढे आपटतात. वाटेत ओंडके आडवे टाकून पायऱ्या केल्या आहेत. त्यांच्या मधली माती खेचरांच्या टापांनी खोल गेली आहे, त्यामुळे पायरी अनेक ठिकाणी गुडघ्याला त्रास देईल इतकी उंच होते. दोन काठ्या घ्याव्यात. मांड्यांना खरा मार चढताना बसत नाही, तो उतरताना प्रत्येक पावलाला वजन रोखून धरण्याने बसतो आणि तो कळतो दुसऱ्या दिवशी, म्हणून दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम हलका ठेवा.

चढताना एकमेकांशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच गतीने चालावे. बोलणे तुटू लागले तर गती जास्त आहे. दर पाऊण तासाने पाच-सात मिनिटे बसून पाय दगडावर उंच ठेवावेत. हा उपाय साधा वाटतो, पण त्याने पुढचा अर्धा तास बराच सुसह्य होतो. तिघांनी सुटे होऊ नये. मुलगा पुढे निघून जाणार हे गृहीत धरून त्यालाच सगळ्यांत मागे चालायला सांगावे.

खेचरांचे तांडे याच वाटेने सामान घेऊन तळाशी जातात. ते आले की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला सरून, दरीकडे कधीही न जाता, स्थिर उभे राहावे, खेचरे हाकणारा सांगेल तसे करावे आणि शेवटचे खेचर १५ मीटर पुढे गेल्याशिवाय वाटेवर येऊ नये. चढणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा रिवाज आहे, तोही पाळावा. वाटेच्या वरच्या भागात रेंजर किंवा स्वयंसेवक थांबवून कुठे निघालात, पाणी किती आहे, असे विचारतात. १९९७ पासून हा प्रतिबंधक उपक्रम इथे चालतो. आपल्याकडच्या माणसाला ती चौकशी उगाचची वाटते आणि तो ‘सगळे ठीक’ म्हणून सुटका करून घेतो. तसे न करता खरे उत्तर द्यावे, कारण त्या दिवशी खाली काय परिस्थिती आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मोबाइलचा संपर्क वाटेवर धरू नये. आपत्कालीन फोन ब्राइट एंजलच्या विसाव्यांजवळ आहेत. साउथ कायबॅबवर तो थेट टिप ऑफला, म्हणजे स्केलेटन पॉइंटच्याही बऱ्याच खाली आहे. म्हणून आपल्या फेरीत कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग तापूनही त्याला समजेनासे झाले, तर तो उष्माघात समजून त्याला तिथेच सावलीत बसवावे, असेल नसेल ते पाणी अंगावर ओतून वारा घालावा आणि दुसऱ्याने वर जाणाऱ्यांकरवी निरोप धाडावा. हेलिकॉप्टर येईल या भरवशावर राहू नये; वारा आणि उष्णता जास्त असली की ते उडत नाही.

वडिलांविषयी. सत्तरीत गुडघे आणि रक्तदाब ठीक असतील, तर ब्राइट एंजलवर वरच्या बोगद्यापर्यंत, म्हणजे काठापासून थोड्याच अंतरापर्यंत, त्यांना सकाळी जरूर न्यावे. दरीच्या आत पाऊल टाकल्याचा अनुभव तेवढ्यातही मिळतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि मीठ यांबाबत निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. मात्र त्यांचा खरा दिवस काठावरच्या ‘ट्रेल ऑफ टाइम’ या फरसबंद वाटेवर जाईल असे मला वाटते. यावापाय भूविज्ञान संग्रहालयापासून गावाच्या दिशेने जाणाऱ्या या सपाट वाटेवर प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे मोजमाप आखलेले आहे आणि त्या त्या काळाचे दगड बाजूला मांडून ठेवले आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे या वाटेवर तो वर्तमानापासून ६६ मीटरवर येईल. पायाखालचा कायबॅब चुनखडक २७० मीटरवर येतो आणि नदीकाठचा ‘विष्णू शिस्ट’ हा प्राचीन खडक गाठायला सुमारे १,७०० मीटर चालावे लागते. विष्णू हे नाव तिथल्या सुळक्यांना हिंदू देवतांची नावे देणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील भूगर्भशास्त्रज्ञांच्या लहरीतून आले. ब्रह्मा आणि शिव यांच्या नावांची शिखरेही काठावरून दिसतात. वाटेत बाके आहेत आणि शटलचे थांबेही आहेत, त्यामुळे आपण तिघे दरीत असताना त्यांना घाई करावी लागणार नाही.

सरावासाठी पुण्यात सिंहगड सोयीचा आहे, पण उलट क्रमाने. गाडीने वर जावे, पायवाटेने आतकरवाडीला उतरावे, खाली जेवण न करता लगेच पुन्हा चढावे. आणि हे एकदा तरी एप्रिलच्या सकाळी उशिरा, पाठीवर चार लिटर पाणी घेऊन करावे. चढ शेवटी आला की पाय आणि मन कसे वागतात, हे तेवढ्यात समजते.

नदीला स्पर्श करण्याची इच्छा असेल, तर तो प्रवास मार्च किंवा नोव्हेंबरमध्ये आणि मधे एक रात्र तळाशी राहून करावा. तळाशी वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी आखलेले, १९२२ पासूनचे फँटम रँच हे मुक्कामाचे ठिकाण आहे. तिथल्या जागा पंधरा महिने आधी सोडतीने वाटल्या जातात. तंबूत राहायचे असल्यास उद्यानाचा रात्रीच्या मुक्कामाचा परवाना लागतो. दिवसभराच्या फेरीला परवाना लागत नाही. आणि नदीत पोहण्याचा विचार तेव्हाही नको. वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयातून खोलवरून सुटलेले हे पाणी उन्हाळ्यातही अतिथंड आणि वेगवान असते.

निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटा आणि नळ यांची त्या आठवड्याची स्थिती पाहावी. सगळे पाणी आणणारी नळवाहिनी १९६० च्या दशकातली असून ती वरचेवर फुटते आणि दुरुस्तीसाठी वाटांचे काही भाग बंदही ठेवले जातात. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाही, पण शेजारचा नवाहो आदिवासींचा प्रदेश करतो. त्या प्रदेशातली मॉन्युमेंट व्हॅली पाहून आपण इकडे येणार असाल, तर फोनमधली वेळ आदल्या रात्री हॉटेलच्या घड्याळाशी ताडून मगच पहाटेचा गजर लावावा.